काविळीचे औषध आणि पितळी पातेले

दमा झाला तर आपण डॉक्टर शोधतो, साखर वाढली तर प्रयोगशाळा गाठतो. पण घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले की आधी एखाद्या आत्याचे गाव आठवते. त्या गावात रविवारी पहाटे औषध देणारा माणूस असतो. तो पैसे घेत नाही, झाडाचे नाव सांगत नाही, आणि तेल-तूप, हळद वर्ज्य करायला सांगतो. भोपाळमधल्या मराठी घरांनाही असे पत्ते तोंडपाठ आहेत: कोणाला सौंसरकडचा, कोणाला पातालकोटच्या भारियांचा, कोणाला थेट विदर्भातला. या औषधांचा इतिहास काय आणि तपासणीला त्यांतले काय उतरले, हे इथे मांडायचे आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. त्यामुळे या खटल्यात झाडपाल्याचा वकील नाही आणि ॲलोपॅथीचा फिर्यादीही नाही.

सुरुवात फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातले बाविसावे सूक्त काविळीवरच आहे. रोग्याचा पिवळेपणा काढून पोपटांत आणि पिवळ्या पक्ष्यांत ठेवावा, आणि रोग्याला तांबडा रंग मिळावा, अशी त्यातली कल्पना आहे. ऋग्वेदातल्या सूर्यसूक्तातही तीच मागणी येते. रंग दुसरीकडे उतरवायचा, हा विचार त्यानंतर कधी मेला नाही. आजही काही ठिकाणी कावीळ उतरवणारा माणूस रोग्याच्या हातावर चुन्याचे पाणी चोळतो आणि पाणी पिवळे होते. पाहणाऱ्याला वाटते, कावीळ उतरली. त्या हातांना आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, आणि तो चुन्याला लागला की पिवळाच होतो, निरोगी माणसाच्या हातावरही. वाढणाऱ्या माळेचेही तसेच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात विशिष्ट गाठींनी बांधतात. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ डोक्यावरून पोटापर्यंत येते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगावी करून दाखवतात, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

खरे वैद्यक चरकापाशी सुरू होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातल्या सोळाव्या अध्यायात, पांडुरोगाच्या ओघात, कामलेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एकात पित्त अतोनात वाढते. दुसऱ्यात पित्ताची वाट अडते आणि रोग्याचा मळ तिळाच्या कुटासारखा पांढुरका होतो. दुसऱ्या प्रकारात उपचार किती दिवस करायचा? मळाला पुन्हा पित्ताचा रंग येईपर्यंत. पित्तनलिका खड्याने किंवा गाठीने बंद झाली की आजही मळ असाच मातकट-पांढरा होतो, आणि ती कावीळ कोणत्याही पाल्याने जात नाही. सोनोग्राफी करून अडथळा काढावा लागतो. यकृताचे एकही शवविच्छेदन हाताशी नसताना, केवळ डोळ्यांनी पाहून हा भेद करणाऱ्या वैद्यांपुढे मान लवते. पुढच्या लोकौषधीत मात्र हा भेद हरवला. रविवारच्या रांगेत सगळ्यांना एकच पाला मिळतो. विषाणूची कावीळ, दारूची कावीळ, खड्याची कावीळ, स्वादुपिंडाच्या कर्करोगाची कावीळ, सगळ्या एका पुडीत.

आपल्या घरांपर्यंत हे ज्ञान दोन वाटांनी आले. १ नोव्हेंबर १९५६ला भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरकडून सरकारी नोकरीतली मराठी कुटुंबे इथे आली. सामानात पितळेची भांडी होती आणि बऱ्याच घरांत शंकर दाजीशास्त्री पदे यांचे ‘आर्यभिषक्’ होते. हेच पदेशास्त्री १९०७ साली सुरू झालेल्या आयुर्वेद महासंमेलनाचे प्रवर्तक. डॉ. वामन गणेश देसाई यांचा ‘ओषधीसंग्रह’ १९२७चा. तो ज्यांच्याकडे असेल त्यांनी जपून ठेवावा. दुसरी वाट इथलीच, बेगमांच्या राज्यातल्या हकिमांची. त्यांचा अर्क मकोय म्हणजे आपल्या कामोणीचा अर्क, आणि कासनी ही थंड हवेतली निळ्या फुलांची भाजी. जुन्या शहरातल्या अत्तारांकडे या बाटल्या अजून मिळतात. एक तिसरा धागा माझ्या घरचा म्हणून सांगतो. जैन आचार्य उग्रादित्य यांचा ‘कल्याणकारक’ हा वैद्यकग्रंथ १९४०मध्ये सोलापूरहून हिंदी अनुवादासह छापला गेला. मद्य, मांस आणि मध वगळून वैद्यक कसे करावे, हे त्यात आहे. त्रिफळा, गुळवेल, अडुळसा, कुटकी, किराईत आणि कडुनिंब यांचा फलत्रिकादि काढा कामलेवर मधातून देतात. आमच्याकडे तो खडीसाखरेने घेतला जाई. चव दोन्ही रीतींनी भयंकर.

आता मुख्य प्रश्न. या औषधांनी गुण येतो का?

गुण येतो हे सगळेच सांगतात, आणि अडचण तिथेच आहे. आपल्याकडची बहुतेक कावीळ हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. दोन्ही दूषित पाण्यातून येतात आणि बहुतेक रोग्यांत काही आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. १९८१ साली कोल्हापूर शहरात पाण्यातून काविळीची साथ आली, २०१२ साली इचलकरंजीत. अशा साथीत ज्याने एरंडाच्या पानांचा रस घेतला तो बरा होतो, ज्याने माळ घातली तो बरा होतो, आणि ज्याने फक्त विश्रांती घेतली तोही बरा होतो. तिघांपैकी दोघे औषधाचे गुण गातात. तिसऱ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट नसते. पण हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शेकडा २०च्या आसपास स्त्रिया दगावतात. अशा बाईला घेऊन रविवारची वाट पाहणे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. (आमच्या जैन घरांत पाणी गाळून पिण्याचा नेम आहे. गाळण्याने जीवजंतू अडतात, विषाणू अडत नाहीत. व्रतात असणाऱ्यांचे उकळलेले पाणी मात्र या साथीत खरोखर राखते.)

म्हणून औषध तपासायचे तर सारख्याच रोग्यांचे दोन गट करावे लागतात: एकाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी निरुपद्रवी पुडी, आणि कोणाला काय दिले हे रोग्यालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. अंतरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम फार लवकर केले. आरोग्यवर्धिनीची अशी चाचणी १९८०मध्ये प्रसिद्ध झाली. त्या गोळीत कुटकी इतर सर्व घटकांच्या बेरजेइतकी असते, म्हणून पुढे एकट्या कुटकीची चाचणी झाली. ती १९९६मध्ये केईएमच्या नियतकालिकात छापली गेली. विषाणूजन्य कावीळ झालेल्यांना, ज्यांत हिपॅटायटिस बी नव्हता अशांना, कुटकीचे चूर्ण ३७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दोन आठवडे दिले. बिलिरुबिन २.५पर्यंत उतरायला कुटकीच्या गटात सरासरी २७.४४ दिवस लागले, दुसऱ्या गटात ७५.९. फरक मोठा आहे. पण कुटकी घेणारे होते १५ आणि न घेणारे १८. शिवाय ७५.९ दिवस हा आकडा मला लांबलेला वाटतो. साध्या काविळीत इतका काळ सहसा लागत नाही. रोगी थोडे असले की दोन-चार जड रोगी सगळी सरासरी ओढून नेतात. तरीही झाडपाल्यांत प्रामाणिक पुराव्याच्या जवळ कोण पोहोचले, असे विचाराल तर मी कुटकीचे नाव घेईन. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तिच्यातून पिक्रोलिव्ह नावाचा अर्कही तयार झाला आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत तो उत्तम ठरला. औषध म्हणून तो दुकानांत रुळला नाही.

जाता जाता: भोपाळच्या बाजारात ‘कुटकी’ मागाल तर दुकानदार कोदो-कुटकीतले धान्य पुढे करील. औषधी कुटकी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर येते, सातपुड्यात नाही. उपसा इतका झाला की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या पुडीत नेमके काय आहे, हा प्रश्न जरूर विचारावा.

भुईआवळीची गोष्ट याहून नाट्यमय आहे. पावसाळ्यात अंगणात, कुंडीत, फरशीच्या फटीत आपोआप उगवणारी ही रोपटी. पानांच्या खाली ओळीने आवळ्यासारखी इवली फळे. दुधात वाटून ती काविळीवर देण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे. हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा माग ज्यांनी लावला आणि त्यासाठी १९७६चे नोबेल मिळवले, त्या बारूख ब्लुमबर्ग यांचे लक्ष या रोपट्याकडे गेले. त्यांनी आणि मद्रासच्या संशोधकांनी तिचा अर्क प्रयोगशाळेत आणि अमेरिकेतल्या वुडचक या प्राण्यावर तपासला. ते काम १९८७मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी डॉ. त्यागराजन आणि सहकाऱ्यांचा मद्रासमधला अनुभव ‘लॅन्सेट’ने छापला. शरीरात बी विषाणू बाळगून असलेल्या ३७ जणांना ३० दिवस भुईआवळी दिली. त्यांतल्या २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. पुडीवाल्या २३ जणांत ती फक्त एकाची गेली. वर्षानुवर्षे न जाणारा विषाणू महिन्याभरात आणि अंगणातल्या रोपाने जातो, म्हटल्यावर जगभर खळबळ उडणे साहजिक होते.

मग इतरांनी तेच करून पाहिले. थायलंडमधल्या संशोधकांनी १९९०मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये कळवले की त्यांच्या रोग्यांत विषाणू गेला नाही. इतर देशांतूनही अशीच उत्तरे आली. रोप वेगळे होते, माती वेगळी होती, जात वेगळी होती, असे युक्तिवाद झाले. त्यांत काही तथ्य असेलही, कारण भुईआवळी या एका नावाखाली आपण दोन-तीन जाती उपटतो. पण २०११मध्ये कॉक्रेन या संस्थेने सगळ्या चाचण्या एकत्र पाहून निष्कर्ष दिला की वापर सुचवण्याइतका पुरावा नाही. मद्रासचे लोक खोटे बोलत होते असे यातून निघत नाही. एक चाचणी चांगली निघाली तर ती दुसऱ्या गावी, दुसऱ्या हातांनी पुन्हा निघावी लागते, इतकेच. भुईआवळीची निघाली नाही. बी विषाणूवर आज लस आहे आणि विषाणू दाबून ठेवणाऱ्या गोळ्याही आहेत. त्या बंद करून भुईआवळी घेणाऱ्या रोग्याचे यकृत काही महिन्यांत निकामी होऊ शकते.

झाडपाला निदान अपाय तरी करत नाही, ही समजूतही तपासली गेली आहे. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी रोज उकळत होता. २०२०च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉ. आभा नागराल यांच्या गटाला गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांत यकृताचा दाह आढळला. पुढे १३ केंद्रांतल्या ४३ रोग्यांचा अभ्यास आला. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल. हरकत विचारात घेण्यासारखी आहे, पण त्याने धोका कमी होत नाही. कुंपणावरून वेल तोडणाऱ्याला फरक कोण सांगणार? गुळवेल शरीराची प्रतिकारशक्ती चेतवते, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या यकृतावर उलटण्याच्या बेतात असते त्यांना ती चेतवणे महागात पडते. कासविंद्याचे उदाहरण आणखी बोलके आहे. कासमर्द या नावाने तो यकृताच्या प्रसिद्ध औषधांत घटक म्हणून असतो. आणि त्याच कासविंद्याच्या शेंगांतल्या बिया खेळता खेळता खाऊन पश्चिम उत्तर प्रदेशात दर वर्षी थंडीच्या सुमारास मुले दगावत होती. लोक त्याला मेंदूज्वर समजत. डॉ. विपिन वशिष्ठ आणि सहकाऱ्यांनी २००७च्या सुमारास दाखवले की ते यकृत, स्नायू आणि मेंदू या तिन्हींचे विषबाधेने होणारे नुकसान आहे. मात्रा, वय आणि झाडाचा कोणता भाग, या तीन गोष्टींवर औषध आणि विष यांची हद्द ठरते.

माझ्या पेटीतल्या बाटल्यांनाही हीच फूटपट्टी लागू आहे. चेलिडोनियम हे आमचे यकृतावरचे नावाजलेले औषध. युरोपातल्या या झुडपाचा चीक गडद पिवळा, म्हणून तिथल्या जुन्या वैद्यांनी ते काविळीचे मानले; आपल्या अथर्ववेदातल्या पोपटांचा हा युरोपी भाऊच. त्याच झुडपाचे अर्क जर्मनीत पोटाच्या तक्रारींवर घेतले जात, तेव्हा काहींच्या यकृताला इजा झाली आणि तिथल्या औषध नियंत्रकांनी त्यांवर बंधने घातली. आमच्या सौम्य केलेल्या गोळीत ते द्रव्य जवळजवळ नसते, त्यामुळे अपायही नसतो. पण काविळीत तिच्याने गुण येतो असे म्हणायचे तर दोन गटांची चाचणी आम्हालाही चुकत नाही. डोळे पिवळे घेऊन येणाऱ्याला मी आधी रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून देतो. रोगी नाराज होतो, कारण तो गोड गोळ्यांच्या आशेने आलेला असतो.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हा विषय निवडला, ती. मराठी घरांतल्या यकृताच्या इतिहासातले सगळ्यात मोठे यश झाडपाल्याचे नाही, डॉक्टरांच्या गोळ्यांचेही नाही.

आपल्यापैकी सत्तरीच्या पुढच्या वाचकांना ‘मुलाचे लिव्हर वाढले’ हे वाक्य आठवत असेल. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतचे मूल किरकिरे होई, पोट फुगे, बरगडीखाली यकृताची टणक, धारदार कड हाताला लागे. कावीळ उशिरा दिसे, आणि ती दिसली की महिन्या-दोन महिन्यांत मूल जाई. कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १८८७मध्ये या आजाराचे वर्णन केले होते. विशेष म्हणजे हा आजार गरिबांपेक्षा बऱ्या स्थितीतल्या, बहुतेक शाकाहारी घरांत जास्त दिसे, आणि एका घरात एकापाठोपाठ दुसरे मूलही घेऊन जाई. मग घराण्याला शाप, आईचे दूध बाधले, अशी बोलणी होत. किती सुनांनी ही बोलणी ऐकली असतील याची मोजदाद कुठे नाही. उपचारांना तोटा नव्हता: कुमारी आसव, आरोग्यवर्धिनी, मद्रासहून येणाऱ्या जम्मींच्या बाटल्या, माक्याचा रस. मुले जात राहिली.

१९८०च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृताचा तुकडा तपासला. त्यात तांबे होते, निरोगी यकृतापेक्षा कित्येक पटींनी जास्त. हे तांबे आले कुठून? त्यांनी औषधांची चौकशी केली नाही, स्वयंपाकघराची केली. आजारी मुले आणि त्याच वयाची निरोगी मुले यांच्या आयांना विचारले: वरचे दूध कधी सुरू केले, कशात तापवले, कशात ठेवले? आजारी मुलांना वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते तांब्याच्या किंवा पितळेच्या भांड्यात तापवलेले आणि ठेवलेले होते. पहिला निबंध १९८३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, घरांची तुलना १९८७मध्ये. बऱ्या स्थितीतली घरे का, याचा उलगडा तिथेच होतो: गाईचे-म्हशीचे दूध परवडणारी आणि पितळेची पातेली बाळगणारी घरे तीच. गरिबाचे मूल अंगावर पीत होते आणि त्याच्या घरी मातीचे नाहीतर जर्मनचे भांडे होते.

आपल्या आज्या पातेल्यांना कल्हई करून घेत, ते काही हौस म्हणून नव्हे. कथलाचा थर असेपर्यंत दूध पितळेला लागत नाही. कल्हई उडाली, किंवा भांडे चिंचेने-राखेने घासून चकचकीत ठेवायची शिस्त फार कडक असली, की थर जातो आणि दुधातले केसीन तांबे धरून ठेवते. मोठ्या माणसाचे यकृत ते पित्तावाटे टाकून देते; कोवळे यकृत साठवत जाते. एकाच भांड्यातले दूध प्यायलेली सगळीच मुले आजारी पडली नाहीत, म्हणून काही मुलांत जन्मजात कमकुवतपणाही असावा, असे अभ्यासक मानतात.

कावीळ दिसण्याआधी पेनिसिलामाइन हे तांबे बाहेर काढणारे औषध सुरू केले तर काही मुले वाचली. पण आजार हटला तो पातेले बदलल्याने. पुण्यात आणि आसपास आयांना सांगितले गेले: अंगावर पाजा, आणि वरचे दूध द्यायचेच तर स्टीलमध्ये तापवा. त्या सुमारास स्टील स्वस्तही होत होते. काही वर्षांत या मुलांची संख्या इतकी घटली की आज बालरोगाचे शिक्षण घेणाऱ्या तरुण डॉक्टराला असे मूल पाहायला मिळणे अवघड. आरोग्यवर्धिनीत ताम्रभस्म असते, हेही इथे नोंदवून ठेवतो. ज्या यकृतात तांबेच साचले होते, त्याला आपण तांबेच पाजत होतो.

हे केवळ आपलेच नव्हते. ऑस्ट्रियातल्या टिरोल या डोंगराळ मुलखात १९०० ते १९७४ या काळात १३८ लहान मुले अशाच यकृताच्या आजाराने गेल्याचे १९९६मध्ये उजेडात आले. तिथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवून बाळांना देत. भांडी बदलली आणि आजार थांबला.

हे आज लिहिण्याचे कारण असे की पितळ परत आले आहे. न्यू मार्केटमधल्या दुकानांत ‘आजीची भांडी’ म्हणून पातेली विकली जातात आणि तांब्याच्या बाटल्या भेट म्हणून दिल्या जातात. तांब्याच्या तांब्यातले पाणी मोठ्या माणसाने प्यावे, त्याला माझी हरकत नाही. पाण्यात तांबे फार कमी उतरते. दुधाचे तसे नाही. माळ्यावरचे पणजीचे पातेले नातवाच्या खिरीसाठी खाली काढणार असाल तर आधी आतून पाहा. पांढरा थर सलग नसेल आणि कुठेही पिवळी धातू दिसत असेल, तर त्यात बाळाचे दूध तापवू नका. कल्हईवाले आता भोपाळात शोधावे लागतात. तो मिळेपर्यंत दूध स्टीलमध्येच तापू द्या.